फ्रीक्वेन्सीचा डबा, चुंबकीय मॅट आणि मुठीतली कांडी: कशाचा उपयोग होतो, कशाचा नाही?

कडूनिंब

सध्या मंगल कार्यालयांत आणि सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये 'मोफत तपासणी शिबिरं' जोरात आहेत. तिथे साधारण तीन वस्तू असतात. पहिली धातूची कांडी: मुठीत मिनिटभर धरली की यकृत, किडनी, हाडं, जीवनसत्त्वं, सगळ्याचा तीस-चाळीस पानी रिपोर्ट निघतो. दुसरी अंगाखाली घालायची चुंबकीय मॅट. तिसरा फ्रीक्वेन्सी जनरेटर: दोन नळ्या दोन हातांत धरायच्या, तक्त्यात आजाराचा आकडा बघायचा, तो डब्यावर लावायचा. गुडघेदुखी, शुगर, थायरॉइड, गाठी, प्रत्येकाचा आकडा ठरलेला.

शंका काढली की विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: "फिजिओथेरपीवाले पण करंटच देतात ना? अमेरिकेच्या एफडीएनेही फ्रीक्वेन्सीला मान्यता दिलीय." एफडीए म्हणजे तिथली औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था.

प्रश्न सरळ आहे. या तिन्ही वस्तू आणि दवाखान्यातला करंट एकाच जातीचे आहेत का? कशाला पुरावा आहे, कोणत्या आजारासाठी आणि किती ताकदीला? श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद इथे नको, आकडे द्या.

गुंडाळी

आकडेच घ्या. कुठलंही यंत्र असो, तीन गोष्टी विचारायच्या: ताकद किती, ती किती झपाट्याने बदलते, आणि शरीरात कुठवर पोचते. नुसती फ्रीक्वेन्सी सांगणं म्हणजे औषधाचं नाव आणि डोस न सांगता 'दिवसातून तीनदा' एवढंच सांगणं.

चुंबकीय क्षेत्र स्वतः पेशीला फारसं काही करत नाही. ते बदललं की शरीरात विद्युतक्षेत्र तयार होतं आणि काम करायचं तर ते करतं. हिशोब सोपा आहे: वर्तुळाची त्रिज्या भागिले दोन, गुणिले क्षेत्र बदलण्याचा वेग. बाजारातली मॅट १ मिलिटेस्ला आणि १० हर्ट्झची धरा. बदलाचा कमाल वेग सेकंदाला ०.०६३ टेस्ला. १० सेंटिमीटर त्रिज्येवर विद्युतक्षेत्र आलं मीटरला सुमारे ३ मिलिव्होल्ट.

हाड जुळवण्यासाठी वापरतात त्या कॉइलमध्ये हेच क्षेत्र मीटरला १०० ते १५० मिलिव्होल्ट असतं, कारण तिथे स्पंदाची कड फार तीक्ष्ण असते. नैराश्यासाठी डोक्याला लावतात त्या कॉइलमध्ये ते मीटरला १०० व्होल्टच्या घरात जातं. म्हणजे मॅटच्या तीस हजार पट. तिन्हींना 'चुंबकीय थेरपी' म्हणता येतं, पण तिन्हींच्या ताकदीत एवढी दरी आहे.

मॅटवर आकडा बहुधा गॉसमध्ये छापलेला असतो, तो डोळ्यांत भरावा म्हणून. १० गॉस म्हणजे १ मिलिटेस्ला.

रानवारा

गुंडाळी, हिशोब मान्य, पण त्यातून काढलेला अर्थ मान्य नाही. ताकद कमी म्हणून परिणाम नाही हे गृहीतक आहे, पुरावा नाही. ज्यांना 'पर्यायी' म्हणून हिणवलं त्या गोष्टी एकेक करून मुख्य दारातून आत आल्या आहेत.

न जुळणाऱ्या हाडासाठी स्पंदित चुंबकीय कॉइलला अमेरिकी एफडीएची मान्यता १९७९ सालची आहे. त्यामागे १९५७ मध्ये फुकाडा आणि यासुदा यांनी दाखवलेला हाडाचा पिझोइलेक्ट्रिक गुणधर्म, म्हणजे दाब आला की वीज तयार होणं, आहे आणि कोलंबिया विद्यापीठात बॅसेट यांनी केलेलं काम आहे. डोक्यावरची चुंबकीय कॉइल बार्कर यांनी १९८५ मध्ये शेफिल्डला दाखवली, २००८ मध्ये नैराश्यासाठी तिला मान्यता मिळाली. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगासाठी २०० किलोहर्ट्झचं विद्युतक्षेत्र वापरतात, त्याला २०११ पासून मान्यता आहे. आणि २०२३ मध्ये यकृताच्या कर्करोगासाठी २७.१२ मेगाहर्ट्झचं उपकरण आलं. चमच्यासारखा अँटेना तोंडात धरायचा, तासभर, दिवसातून तीनदा. ताकद इतकी कमी की ऊबही लागत नाही, आणि लहरीवर चढवलेल्या फ्रीक्वेन्सी त्या कर्करोगासाठी म्हणून निवडलेल्या.

हे शेवटचं उदाहरण तुमच्या 'ताकद किती' या पहिल्याच प्रश्नाला छेद देतं. सगळं एका झटक्यात भंगारात काढू नका, एवढंच म्हणणं आहे.

मुग्धा_फिजिओ

रानवारांची यादी बरोबर आहे, पण शिबिरातल्या वस्तू त्या यादीत कुठेच बसत नाहीत. आधी 'फिजिओवाले पण करंटच देतात' याचं उत्तर देते, कारण ते वाक्य रोज कानावर येतं.

दवाखान्यात तीन गोष्टी असतात आणि तिन्ही वेगळ्या.

टेन्स: कातडीला चिकटवलेल्या पॅडमधून ८० ते १०० हर्ट्झचे, सुमारे १०० मायक्रोसेकंदांचे स्पंद. स्पर्शाच्या जाड मज्जातंतूंना चाळवायचं आणि वेदनेचा निरोप मज्जारज्जूच्या दारात अडवायचा, हे मेल्झॅक आणि वॉल यांचं १९६५ चं 'गेट' तत्त्व. मुंग्या स्पष्ट जाणवल्या पाहिजेत, पण सोसवतील इतक्याच. घरी आणलेलं मशीन 'काही करत नाही' म्हणतात त्यात निम्म्या वेळा करंट भीतीपोटी फार खाली ठेवलेला असतो. पॅड सुकलं किंवा त्याची कड उचलली की करंट एका ठिपक्यात गोळा होतो आणि सुई टोचल्यागत चटका बसतो. अशा वेळी करंट कमी करून भागत नाही, पॅड बदला. मानेच्या पुढच्या बाजूला, गरोदरपणी पोटा-कमरेला, बधिर कातडीवर आणि पेसमेकर असेल तर लावायचं नाही.

आयएफटी: ४००० आणि ४१०० हर्ट्झचे दोन करंट एकमेकांना छेदतील असे चार पॅड. जिथे छेदतात तिथे फरकाचे १०० ठोके. पॅड तिरपे समोरासमोर न लावता एका ओळीत लावले तर छेद दुखऱ्या जागी पडतच नाही. ही चूक सर्रास दिसते.

शॉर्टवेव्ह: २७.१२ मेगाहर्ट्झ, काम फक्त खोलवर शेक देण्याचं. घाम पुसायचा, मध्ये कोरडा टॉवेल, पॅड आणि कातडीत दोन-तीन सेंटिमीटर अंतर, लाकडी खाट, वायरी एकमेकींवर येऊ द्यायच्या नाहीत. आत प्लेट किंवा स्क्रू असेल तर नाही.

यातलं एकही यंत्र जंतू मारत नाही, शुगर उतरवत नाही. तसा दावा आम्ही करतही नाही. टेन्सबद्दल २०२२ मध्ये ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला: मशीन चालू असताना आणि लगेच नंतर दुखणं खोट्या मशीनपेक्षा (दिसायला तसंच, पण करंट न देणारं) कमी होतं, खात्री मध्यम दर्जाची. एवढंच, यापुढे काही नाही.

चाफेकळी

वाचतेय. मुग्धाताई, टेन्सचं एवढं सुटसुटीत कुणी सांगितलं नव्हतं. आणि 'निदान', तुम्ही कर्करोगाच्या मुद्द्यावर लिहा ना.

निदान

लिहितो. रानवारांनी दोन उदाहरणं दिली, दोन्ही खरी. पण प्रत्येकाच्या पोटात काय आहे ते बघा.

२०० किलोहर्ट्झचं उपकरण: डोकं तुळतुळीत करून चार पट्ट्या चिकटवायच्या, प्रत्येकीत नऊ सिरॅमिक चकत्या. क्षेत्र सेंटिमीटरला १ ते ३ व्होल्ट, म्हणजे मीटरला १०० ते ३००. हे दिवसाचे किमान १८ तास, महिनोन् महिने, बॅटरी खांद्याला. पट्ट्या दर तीन-चार दिवसांनी बदलायच्या, कातडी सोलवटते. पेशी दुभागताना आत जी विद्युतभारित प्रथिनं जागेवर बसावी लागतात ती या क्षेत्राने ढळतात, अशी मांडणी आहे. ६९५ रुग्णांच्या चाचणीत औषधासोबत हे लावलं तेव्हा मध्यम आयुर्मान १६ महिन्यांवरून २०.९ वर गेलं. औषध सोडून नव्हे, सोबत. त्या चाचणीत तुलनेच्या गटाला खोटं यंत्र दिलेलं नव्हतं, त्यामुळे आमच्याच क्षेत्रात त्यावर आजही खडाजंगी होते. शंका कशी घ्यायची ते इथे दिसतं: जिथे आकडे आहेत तिथेही घेतात.

तोंडात धरायचा चमचा: त्याला मिळालेली परवानगी 'मानवतावादी सवलत' या वर्गातली आहे, जी दुर्मीळ स्थितीसाठी असते. तिथे सुरक्षितता आणि 'संभाव्य फायदा' दाखवला की पुरतं, परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही. मुख्य आधार ४१ रुग्णांचा, तुलनेचा गट नसलेला अभ्यास. चौघांत गाठ लक्षणीय आटली. यकृताच्या कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यात चार हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण त्यावर उपचाराची इमारत उभी राहत नाही. मोठी, तुलनेसकट चाचणी हवी.

आता डबा. तिथे एकही चाचणी नाही. २०१८ मध्ये येल विद्यापीठातून २८१ रुग्णांचा अभ्यास आला. बरा होण्याजोगा कर्करोग असताना ज्यांनी फक्त पर्यायी उपचार निवडले, त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या अडीच पट. स्तनाच्या कर्करोगात पाचपटीहून जास्त. डब्यातल्या लहरी शरीराला काही करत नसतीलही, पण डब्यापायी गेलेले चार महिने पहिल्या-दुसऱ्या टप्प्याची गाठ तिसऱ्यावर नेऊ शकतात. मला राग येतो तो याचा.

गुंडाळी

डब्याचा इतिहास सांगतो, कारण तक्त्यातले आकडे कुठून आले हे विक्रेत्यांनाही ठाऊक नसतं.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोच्या अल्बर्ट अब्राम्सपासून. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी रोगाची 'कंपनं' ओळखणारी आणि ती शमवणारी पेटी आणली. पेटी भाड्याने मिळायची, अट एकच: उघडायची नाही. उघडली तेव्हा आत किरकोळ वायरिंग निघालं. १९२४ मध्ये अब्राम्स वारले.

नंतर सॅन दिएगोचे रॉयल रेमंड राइफ, १८८८ ते १९७१. प्रत्येक जंतूचा एक मारक कंपनदर असतो आणि आपल्या सूक्ष्मदर्शकातून जिवंत विषाणू दिसतात, हा त्यांचा दावा. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, भिंग कितीही चढवा. पोलिओचा विषाणू ३० नॅनोमीटरचा. म्हणजे दावा पायातच अडतो. राइफची जुनी यंत्रं रेडिओलहरींची होती. १९५० नंतर जॉन क्रेन यांनी कानाला ऐकू येणाऱ्या फ्रीक्वेन्सीची, पॅड लावायची यंत्रं काढली. तक्त्यातले ७२८, ७८४, ८८०, २००८, २१२८ हे आकडे त्या जातीचे. विक्रेता नाव राइफचं घेतो आणि आकडे दुसऱ्याच यंत्राचे देतो.

आणि 'गाणाऱ्याच्या आवाजाने पेला फुटतो तसा जंतू फुटतो' हे उदाहरण बघा. पेला फुटतो कारण काच ताठ आहे, भोवती हवा आहे, आणि एकदा छेडला की तो बराच वेळ घुमतो. जंतू पाण्यात आहे, स्वतः पाण्याने भरलेला, तिथे कंपन जागच्या जागी विरतं. शिवाय पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १५०० मीटर. ७२८ हर्ट्झची लहर दोन मीटर लांब पडते. दोन मायक्रोमीटरच्या जंतूशी जुळणारी लहर हवी तर ७५ कोटी हर्ट्झ लागतील. सतारीच्या तारेवर मुंगी बसली म्हणून तार छेडल्यावर मुंगी फुटते का?

ओंकार_साखरवाडी

त्या नळ्यांच्या डब्याच्या आत काय असतं? परजीवी मारणारा म्हणून छोटा 'झॅपर' विकतात, त्याचं सर्किट कुणी टाकेल का?

गुंडाळी

ओंकार, टाकतो, पण समजून घेण्यापुरतं. अंगाला लावायला नाही.

नऊ व्होल्टची बॅटरी, एक ५५५ टायमर (ठरावीक वेगाने स्पंद देणारी चिप), ३.९ किलोओहमचे दोन रेझिस्टर, ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. सूत्र: १.४४ भागिले (पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट) गुणिले कपॅसिटर. उत्तर २६ किलोहर्ट्झ. आउटपुटला १ किलोओहम आणि दोन तांब्याच्या नळ्या, ओलं फडकं गुंडाळलेल्या. ही कल्पना हल्डा क्लार्क यांची. सात मिनिटं चालू, वीस मिनिटं विश्रांती, असं तीनदा. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शंभर-दीडशे रुपयांत येतात आणि डबा हजारोंना विकला जातो.

यात गफलत दोन जागी. ५५५ चं आउटपुट शून्य ते आठ व्होल्ट असं एकाच बाजूचं चालतं, उणे बाजूला जातच नाही. दोनतृतीयांश वेळ ते वर असतं. म्हणजे सरासरी काढली तर अंगातून एका दिशेचा एक-दोन मिलिअँपिअर करंट सतत वाहतो. ओल्या फडक्याखाली विद्युतविघटन होतं, तांब्याचे क्षार सुटतात, फडकं हिरवं पडतं, कातडी लाल होते, रोज केलं तर फोड येतात. विक्रेता त्या हिरव्या डागाला 'विषद्रव्यं बाहेर पडली' म्हणतो. ते नळीचं तांबं आहे. नळ्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या नुसत्या फडक्याच्या दोन टोकांना लावल्या, मध्ये माणूस नसला, तरी डाग पडेल.

दुसरी गोष्ट वाटेची. एका हातातून दुसऱ्या हाताकडे जाणारा करंट दंड आणि छातीच्या स्नायूंतून जातो. आतड्याच्या पोकळीतल्या कृमीपर्यंत तो जातो कशाला? आणि हाच रस्ता पेसमेकरवाल्याला सगळ्यात वाईट.

निदान

जोड देतो. क्लार्कबाईंच्या मते सगळ्या कर्करोगांचं मूळ फॅसिओलॉप्सिस बुस्की हा आतड्यातला चपटा कृमी. हा कृमी खरा आहे. पाणवनस्पती कच्च्या खाल्ल्याने होतो, शिंगाडा त्यातला मुख्य, आणि बिहार-उत्तर प्रदेशात सापडतो. सोलताना दाताने साल काढली की त्यावरचे अळ्यांचे कोश पोटात जातात. उपाय प्राझिक्वांटेल, स्वस्त गोळी. जिथे हा कृमी मुळीच नाही तिथेही कर्करोग होतो, एवढ्यावर तो सिद्धान्त मिटतो. क्लार्कबाई २००९ मध्ये मल्टिपल मायलोमाने गेल्या, तोही कर्करोगच.

मीनाक्षी_डोंबिवली

अवांतर: उपासाचं शिंगाड्याचं पीठ सुरक्षित ना?

निदान

मीनाक्षीताई, बिनघोर खा. वाळवून दळलेल्या, शिजवलेल्या शिंगाड्यात ते अळ्यांचे कोश जगत नाहीत. मुद्दा कच्च्या, ओल्या, दाताने सोललेल्या शिंगाड्याचा आहे.

रानवारा

झॅपर आणि तक्त्याचे आकडे यांची बाजू मी घेत नाही, कधी घेतलीही नव्हती. 'निदान' यांचं कर्करोगावरचं म्हणणंही मान्य. पण मूळ धाग्यात गुडघेदुखी आहे, आणि तिथे मॅटला तुम्ही सगळे परस्पर बाद करताय.

कॉक्रेन या, चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०१३ चा आढावा बघा. सांध्यांच्या, मुख्यतः गुडघ्याच्या, झिजेसाठी विद्युतचुंबकीय उपचार, ९ चाचण्या, ६३६ माणसं. १०० च्या मोजपट्टीवर खोट्या यंत्रापेक्षा १५ गुणांनी दुखणं कमी. इथे तुलनेला खोटं यंत्र आहे, म्हणजे 'मनाचे खेळ' म्हणून उडवता येणार नाही. रोज गोळ्या खाऊन पोट आणि किडनी खराब करण्यापेक्षा हे वाईट कसं?

मुग्धा_फिजिओ

रानवारा, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा मतभेद आहे, म्हणून नीट उत्तर देते.

आढावा बरोबर सांगितलात, अर्धा. त्याच आढाव्यात चालणं, जिने, उठबस, म्हणजे कार्यक्षमता आणि जीवनमान, यांत खात्रीचा फरक दिसला नाही. पंधरा गुणांनी दुखणं कमी होणं ही चांगली गोष्ट आहे. मी स्वतः ते क्षुल्लक म्हणणार नाही. पण त्या नऊ चाचण्यांत यंत्रं एकसारखी नव्हती: कुठे स्पंदित कॉइल, कुठे पॅडमधून दिलेलं विद्युत उत्तेजन. त्या सगळ्यांची सरासरी दाखवून 'माझी मॅट' विकता येत नाही.

हाडाचंही तसंच. १९७९ ची मान्यता न जुळलेल्या हाडासाठी. ताज्या फ्रॅक्चरला लवकर कॉइल लावली तर नंतरची शस्त्रक्रिया टळेल का, हे ऑस्ट्रेलियात नडगीच्या २५९ रुग्णांवर तपासलं, २०११ मध्ये निकाल आला: फरक नाही. न जुळलेल्या हाडालाही अटी आहेत. दोन टोकांत सेंटिमीटरपेक्षा मोठी फट नको, हाड नीट बांधलेलं हवं, मध्ये खोटा सांधा झालेला नको. कॉइल रोज तासन् तास लावायची आणि तंबाखू पूर्ण बंद. एकाच उपचाराची उत्तरं आजार बदलला की बदलतात, आणि मॅटचं पत्रक मात्र सगळ्यांना एकच उत्तर देतं.

गुडघ्याचं पहिलं औषध मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद. खुर्चीत बसून पाय सरळ, पाच आकडे धरायचा, दहा-दहाचे तीन सेट, घोट्याला अर्ध्या किलोपासून वजन, हळूहळू चढवत. आठ ते बारा आठवडे. त्यासोबत कुणी मॅट लावली तर माझी हरकत नाही, व्यायामाऐवजी लावली तर आहे.

रानवारा

मुग्धाताई, 'सोबत हरकत नाही' एवढं मला पुरे. माझा आग्रह तेवढ्यासाठीच होता. कार्यक्षमतेचा मुद्दा मी सांगायला हवा होता, तो राहिला.

पण मग मॅट खरंच सांगितलेल्या ताकदीची आहे का हे घरी कसं कळणार? त्यावर काही असेल तर लिहा.

गुंडाळी

दोन पायऱ्या.

पहिली, मोबाइल. त्यात होकायंत्रासाठी चुंबकमापक असतोच, त्याचं कुठलंही ॲप घ्या. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास दिसेल. फोन मॅटवर ठेवून सुरू-बंद करा. आकडा हललाच नाही तर मॅटमध्ये दिवा आणि कापूस एवढंच आहे. मात्र फोन सेकंदाला शंभरेक नोंदीच घेतो, तीक्ष्ण स्पंद त्याच्या हाती लागत नाही, आणि फार ताकदीला सेन्सर भरून जातो.

दुसरी, शोधकॉइल. २० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळीच्या तुकड्यावर ३२ गेजच्या एनॅमल तारेचे १०० वेढे. दोन्ही टोकं एकमेकींना पीळ देऊन ऑसिलोस्कोपला (विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र). पीळ दिला नाही तर घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ घुसतात आणि तेच मॅटचं म्हणून मोजलं जातं. १ मिलिटेस्ला, १० हर्ट्झच्या साध्या लहरीला कॉइलवर २ मिलिव्होल्टचा कळस दिसला पाहिजे. स्वस्त मल्टिमीटरवर विसंबू नका, १० हर्ट्झला त्याचा एसी पल्ला चुकीचं दाखवतो.

मग कॉइल वर उचलत न्या. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या वेढ्याचं क्षेत्र मध्यापासून १० सेंटिमीटरवर ३५ टक्के उरतं, २० वर जेमतेम ९ टक्के. गादीखाली घातलेली मॅट कमरेपर्यंत किती पोचते ते तिथेच कळतं.

नियमावली

कायद्याची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून.

१ एप्रिल २०२० पासून देशात सगळी वैद्यकीय उपकरणं 'औषध' या व्याख्येत येतात. कमी धोक्याच्या अ आणि ब वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून, जास्त धोक्याच्या क आणि ड वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना पद्धत लागू आहे. लेबलवर परवाना क्रमांक शोधा. अ-ब वर्गाच्या देशी उत्पादनाला राज्याचा एमडी-५, क-ड वर्गाला केंद्राचा एमडी-९, आयात मालाला एमडी-१५. अ वर्गातल्या साध्या, निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या वस्तूंना परवान्याऐवजी नोंदणी चालते. यातलं काहीच नसेल आणि तरी आजार बरा करण्याचा दावा असेल तर विक्रेत्याला तिथेच विचारा.

'एफडीए रजिस्टर्ड' हा शब्द फसवा आहे. अमेरिकेत कारखान्याची नोंदणी वेगळी, आधीच्या उपकरणासारखं आहे म्हणून मिळालेली मोकळीक वेगळी, आणि चाचण्या तपासून दिलेली मान्यता वेगळी. पत्रकावर बहुधा पहिल्याचंच प्रमाणपत्र असतं. सीई आणि आयएसओचे शिक्केही उपचार लागू पडतो असं सांगत नाहीत.

जाहिरातीसाठी १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. कलम ३ प्रमाणे कर्करोग, मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात यांसह परिशिष्टातले आजार बरे करण्याची जाहिरातच गुन्हा. शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी म्हणून विकलेली वस्तूही त्यातल्या 'औषध' या व्याख्येत येते, म्हणजे डबाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात. सोबत पत्रक, तक्त्याचा फोटो, शक्य तर दाव्याचा व्हिडिओ आणि जीएसटी क्रमांकासह पावती. पावती नसेल तर तक्रार लंगडी पडते, म्हणून रोखीने 'बिलाशिवाय स्वस्त' घेऊ नका.

कडूनिंब

नियमावली, हे वेगळं लिहून सोसायटीच्या फलकावर लावण्यासारखं आहे. परवानगी असेल तर लावतो.

आता पहिली वस्तू राहिली: कांडी. आणि शिबिर रविवारी आहे, तिथल्या तिथे काय करता येईल?

गुंडाळी

कांडी फार तर मुठीचा विद्युतरोध मोजू शकते. तो घामावर आणि किती घट्ट धरलं यावर ठरतो. यकृताबद्दल त्यात काहीही नाही. म्हणून तर सॉफ्टवेअर आधी वय, वजन, उंची आणि लिंग विचारतं: रिपोर्टातलं पटण्याजोगं जे असतं ते त्यातून येतं.

रविवारी तीन गोष्टी करा. एकाच माणसाची लागोपाठ दोनदा तपासणी मागा आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा. मग त्याच माणसाचं वय ७२ आणि वजन ९५ घालून तिसरा काढा. चौथ्यांदा कांडीभोवती मिठाच्या पाण्यात पिळलेला पंचा गुंडाळा आणि कुणाचंही नाव टाका. पंच्याच्या पित्ताशयाचा रिपोर्ट आला तर तो फोटो इथे चढवा. विक्रेत्याशी आवाज चढवू नका. रिपोर्ट छापून मागा, त्यावर तारीख-वेळ असते.

रानवारा

मॅटसाठीही एक सुचवतो, मुग्धाताईंना पटलं तर. भाड्याने मिळाली तर आठ आठवडे. घरातल्या एकाने रोज नाणं उडवायचं असं नाही, दर आठवड्याला एकदा: छापा आला तर मॅट चालू, काटा आला तर बंद, दिव्यावर चिकटपट्टी. ज्याचा गुडघा त्याला सांगायचं नाही, काय आलं ते लिहून पाकिटात बंद करायचं. रोज रात्री शून्य ते दहात दुखणं आणि जिने चढल्यावरचं दुखणं वहीत टिपायचं. शेवटी पाकीट उघडायचं.

मुग्धा_फिजिओ

पटलं, मनापासून. दोन सुधारणा. मॅटला बारीक गुणगुण असेल तर पंखा चालू ठेवा, नाहीतर कानाला कळतं. आणि त्या आठ आठवड्यांत व्यायाम एकसारखा ठेवा, वेदनाशामक गोळी घेतली त्या दिवशी वहीत खूण करा. बरीच माणसं दुखणं शिगेला असताना मॅट घेतात, आणि शिगेला पोचलेलं दुखणं तसंही थोडं उतरतं. म्हणून पहिला आठवडा हिशोबात धरूच नका.

पेसमेकर, इन्सुलिन पंप किंवा कानातलं रोपण असेल त्याने चाचणीपुरतंही मॅटवर झोपायचं नाही.

ओंकार_साखरवाडी

गुंडाळी, ३२ गेज मिळाली नाही, ३४ ची तार घरात आहे. शंभर वेढ्यांना चालेल का?

गुंडाळी

चालेल. व्होल्टेज वेढ्यांवर आणि क्षेत्रफळावर ठरतं, तारेच्या जाडीवर नाही. टोकांवरचं एनॅमल पॉलिश पेपरने नीट खरवडून मग झाळा, नाहीतर सोल्डर धरत नाही. रविवारच्या आत झाली तर १०० वेढे कॉइलवर मार्करने लिहून कडूनिंबांकडे पाठवा.